असाल तिथून परत या

गेल्या डिसेंबरच्या शेवटी भाच्याचा फोन आला. "मामा, दोन दिवस सुट्टी काढून अंबाजोगाईला या. एक पोस्टर करायलोय. शुद्धलेखन तुम्ही बघा."

आमच्या घराण्यात माझी किंमत शुद्धलेखनापुरतीच उरली आहे, त्यामुळे वाईट वाटलं नाही. पण भाचा कधी पोस्टरं-बिस्टरं करणाऱ्यातला नाही. म्हटलं, भावी नगरसेवक वगैरे झालास का काय? तर म्हणाला, "नाही ओ मामा. मला खोली मिळेना पुण्यात."

खोली आणि पोस्टर यांचा संबंध काय? सांगतो.

भाचा इंजिनिअर झाला, पुण्यात नोकरी लागली. दोन मित्रांसोबत भाड्याने जागा शोधत होता. एका ठिकाणी सगळं ठरलं, अनामत रक्कम ठरली, आणि करारासाठी आधार कार्ड पुढे केल्यावर मालक थांबले. "बीडचे का तुम्ही? तसं काही नाही हो, पण घरात बायकामाणसं आहेत. रोज टीव्हीवर बघतो ना आम्ही." दुसऱ्या ठिकाणीही थोड्याफार फरकाने हेच. पोरगा चिडला नाही. तो घरी आला आणि कॉम्प्युटरवर कोरल ड्रॉ उघडून बसला. आमच्या वेळी असं झालं की आम्ही कविता करायचो. त्यापेक्षा हे बरं.

एक कबुली आधीच देऊन टाकतो. मला पुण्यात येऊन पुष्कळ वर्षं झाली आणि "मूळचे कुठले?" असं कुणी विचारलं की मी "अंबाजोगाई" सांगतो. बीड म्हणत नाही. अंबाजोगाई वेगळा जिल्हा करा ही मागणी तशी जुनीच आहे. मी ती मनातल्या मनात केव्हाच मंजूर करून टाकली होती.

तर गेलो. एस.टी.तून उतरून घरी पोचेपर्यंत पोस्टरची तारीखही ठरलेली होती: ६ जानेवारी, दर्पण दिन. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली याच तारखेला 'दर्पण' सुरू केलं म्हणून आपल्याकडे हा पत्रकारांचा दिवस. त्या दिवशी गावोगावी पत्रकारांचे सत्कार होतात, शाल-श्रीफळ होतं. भाचा म्हणाला, "सत्काराच्या दिवशीच पोस्टर लावू. शिव्या नाही द्यायच्या. हसून सांगायचं."

त्याचा पहिला खर्डा तयार होता. लाल पट्टी, पिवळी अक्षरं, कोपऱ्यात फिरणारी पृथ्वी. मजकूर असा:

'ब्रेकिंग न्यूज! बीड जिल्ह्यात आज काहीही घडलं नाही! आमचे प्रतिनिधी घटनास्थळी दाखल.'

खाली छोट्या चौकटी. 'बालाघाटात सीताफळं पिकली, परिसरात गोडवा. नागरिक भयमुक्त.' 'नायगावच्या अभयारण्यात मोर नाचला. हेतू अद्याप अस्पष्ट.' आणि सगळ्यांत भारी: 'बीडचा तरुण पळताना कॅमेऱ्यात कैद! तीन हजार मीटर अंतर ८ मिनिटं ११ सेकंदांत पार. वाटेतले अडथळे ओलांडले. केनियाचे धावपटू मागे-पुढे.'

हा तरुण म्हणजे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसमध्ये त्याने रौप्यपदक घेतलं. सोनं हुकलं ते एका सेकंदाच्या पाच शतांश भागाने. १९९४ नंतर या शर्यतीत केनियाबाहेरच्या धावपटूला मिळालेलं ते पहिलं पदक. पुढच्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक. बीडच्या दुष्काळी भागात, हातावर पोट असलेल्या घरात वाढलेला पोरगा!

मी पोट धरून हसलो. वर आणखी एक चौकट सुचवली, माकडांची.

तुम्हाला आठवत असेल. डिसेंबर २०२१ मध्ये माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावाचं नाव जगभर झालं. माकडांनी सूड म्हणून कुत्र्याची अडीचशे पिल्लं मारली, अशी ती बातमी. माकडं पिल्लं उचलून झाडावर, छपरावर नेत होती आणि तिथून पडून किंवा उपाशी राहून काही पिल्लं मेली, हे खरं. वनखात्याने दोन माकडं पकडली, हेही खरं. पण अडीचशेचा आकडा आणि सूडाची ती कहाणी गावात जाऊन चौकशी करणाऱ्यांपुढे टिकेना. तोवर वेळ निघून गेली होती. अमेरिकेतल्या माझ्या मावसभावाने मला विचारलं होतं, "अरे, तुमच्याकडे माकडं आणि कुत्र्यांचं युद्ध चालू आहे का?" ज्या गावाचं नाव अंबाजोगाईत नीट माहीत नव्हतं, त्याच्यावर परदेशातली पोरं विनोद करत होती.

आणि दुसरी कबुली. ती बातमी मीही चार ग्रुपवर पुढे ढकलली होती. हसऱ्या चेहऱ्यांसकट.

असो. आम्ही खर्डा घेऊन फ्लेक्सच्या दुकानात गेलो. दुकानातल्या मुलाने आकार विचारला. सहा बाय चार. मग माऊसवर हात ठेवून म्हणाला, "फोटो?"

"फोटो नाही."

"तसं नाही ओ. वर साहेबांचे कोणते आणि खाली शुभेच्छुकांचे कोणते?"

"कुणाचाच नाही. नुसता मजकूर."

त्याने पहिल्यांदाच मान वर करून आमच्याकडे पाहिलं. म्हणाला, "मग लोक बघणार काय?"

मला एकदम दासोपंत आठवले. सोळाव्या-सतराव्या शतकातले (१५५१ ते १६१५) आमच्या अंबाजोगाईचे संतकवी. त्यांची पासोडी प्रसिद्ध आहे. पासोडी म्हणजे पांघरायचं जाड कापड. सुमारे चाळीस फूट लांबीच्या त्या कापडावर त्यांनी पंचीकरणासारखा अवघड विषय ओव्या आणि आकृत्या मांडून लिहिला. आमच्या जिल्ह्यातला पहिला फ्लेक्स म्हणा ना! त्यावर ना साहेबांचा फोटो, ना शुभेच्छुकांचे. चारशे वर्षं झाली, लोक अजून बघताहेत. हे मी त्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "चाळीस फूट? मग जोड द्यावा लागला असता."

इथपर्यंत सगळं मजेत चाललं होतं. संध्याकाळी भाच्याचे मित्र घरी जमले, ताईने भजी केली, आणि खर्डा सगळ्यांना दाखवला. सगळे हसले. एक जण हसला नाही. तो केज तालुक्यातला, मस्साजोगच्या बाजूचा.

बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "'आज काहीही घडलं नाही' हे वाक्य आमच्याकडं नाही चालायचं."

मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं ९ डिसेंबर २०२४ ला अपहरण करून त्यांचा खून झाला. पवनचक्कीच्या कंपनीकडून मागितलेल्या खंडणीच्या आड ते आले होते. तो सांगत होता, "पहिल्या दिवशी लोकांनी रस्ता अडवला तेव्हा आम्हाला भीती काय होती माहीत आहे का? की हे इथंच दाबलं जाईल. कॅमेरे आले म्हणून दाबता आलं नाही. मार्चमध्ये ते फोटो बाहेर आले, दुसऱ्या दिवशी मंत्र्याचा राजीनामा झाला. आणि तुम्ही म्हणायलाव, वाईट दाखवू नका?"

खोलीत कुणी बोलेना. भाचा म्हणाला, "आम्ही तसं नाही म्हणत." पण म्हणत तर होतोच.

रात्री मी याचाच विचार करत पडलो होतो. आमच्या जिल्ह्याचं नाव ज्या-ज्या वाईट बातम्यांनी खराब झालं असं मी आजवर म्हणत आलो, त्या एकेक करून आठवल्या. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे बीडमध्ये ८०७ मुली होत्या, महाराष्ट्रात सगळ्यांत कमी. २०१२ साली परळीत एका बाईचा गर्भपातात मृत्यू झाला आणि तिथल्या डॉक्टर दांपत्याचं प्रकरण देशभर गाजलं. तेव्हा मला लाज वाटली होती. पण लाज बातमीची वाटायला हवी होती, की त्या ८०७ ची? बातमी आली म्हणून सोनोग्राफी केंद्रांवर छापे पडले. पुढे फेब्रुवारी २०१९ मध्ये बीडच्या न्यायालयाने त्या दांपत्याला दहा वर्षांची शिक्षा दिली. 'चांगलं बोला, चांगलं दाखवा' म्हणत सगळे गप्प बसले असते तर काय झालं असतं, हा विचार करवत नाही.

म्हणजे 'नकारात्मक बातम्या बंद करा' हे पोस्टर लावायचं, तर ते कुणाच्या सोयीचं? ज्यांना दाबायचं आहे त्यांच्या. आम्ही फुकटात त्यांचा फ्लेक्स छापून देणार होतो!

मग भाच्याच्या खोलीचं काय? तो राग खोटा होता का? तोही खोटा नव्हता. 'बीडचा बिहार झाला' हे वाक्य त्या दिवसांत इतक्यांदा ऐकलं की कान किटले. (एका दगडात दोन पक्षी: बीडचाही अपमान, बिहारचाही.) गुन्हा करणाऱ्याला नाव असतं, आडनाव असतं, पाठीशी कोण उभं आहे त्यालाही नाव असतं. ती नावं शोधायला, लिहायला धाडस लागतं. 'बीड' लिहायला काही लागत नाही. मग जिल्ह्यातली लाखो माणसं आरोपी होतात, आणि शिक्षा खोली शोधणाऱ्या पोराला होते.

सकाळी चहा पिताना ताईशी बोललो. ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिच्या वर्गातली निम्मी पोरं दिवाळीच्या आसपास आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. ती म्हणाली, "तुमचं दोघांचंही बरोबर आहे. पण माझं ऐकून घे."

२०१९ साली ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्यांची बातमी आली होती. पाळी आली की खाडा होतो, खाडा झाला की दंड बसतो, आणि साध्या दुखण्यासाठी दवाखान्यात गेलं की 'पिशवी काढून टाका' असा सल्ला मिळतो. सरकारने समिती नेमली, ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. दर सहांत साधारण एक. त्यानंतर जिल्ह्यात असं ऑपरेशन करायचं तर आधी सिव्हिल सर्जनची परवानगी लागेल, असा नियम झाला. बातमीमुळेच झाला.

ताई म्हणाली, "तेव्हा आमच्या शाळेच्या गावात आठ दिवस गाड्या येत होत्या. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आईने तोंडावर पदर घेऊन सगळं सांगितलं. कुणाला न सांगितलेलं सांगितलं रे तिने. सांगून झालं, गाडी गेली. त्यानंतर ती मला दरवर्षी विचारते, 'बाई, त्याचं पुढं काय झालं? ते लोक परत येणार होते ना?' मी काय सांगू? वाईट दाखवलं म्हणून ती रागावली नाही. अर्धं ठेवून गेले म्हणून रागावली आहे."

मला वाटतं, माझ्या मनात जे चाललं होतं ते ताईने दोन वाक्यांत सांगितलं. बातमी वाईट आहे ही तक्रारच नाही. बातमी अर्धी आहे, ही तक्रार आहे. खून दाखवतात, खटल्याची तारीख दाखवत नाहीत. टँकर दाखवतात, पाऊस झाल्यावर विहीर दाखवत नाहीत. कळ दाबल्यासारखा जिल्हा चालू होतो आणि बंद होतो. बघणाऱ्याच्या मनात मग जिल्हा तसाच गोठून राहतो, शेवटचं जे दिसलं त्या अवस्थेत. पुण्यातल्या त्या घरमालकांच्या टीव्हीत बीड अजून पहिल्या दिवशीच थांबलेलं आहे.

चांगल्या बातमीचंही तेच. नगर-बीड-परळी रेल्वे १९९५ साली मंजूर झाली. बीडला गाडी पोचली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. त्या दिवशी हार-तुरे दाखवून झाले. पण तीस वर्षं का लागली, हे कोण सांगणार? हेही अर्धंच.

आणखी एका माणसाला भेटलो. आमच्या ओळखीचा एक जण टीव्हीसाठी बातम्या पाठवतो. स्ट्रिंगर म्हणतात तसा. पगार नाही, बातमी लागली तर बातमीचे पैसे. मोटारसायकल स्वतःची, पेट्रोल स्वतःचं. त्याला म्हटलं, तुम्ही परत का जात नाही? तो हसला. "सर, मला जायचंय की. पण मुंबईहून डेस्क विचारतो, 'नवीन काय आहे?' तीच बाई, तेच गाव म्हटल्यावर लागत नाही. लागलं नाही तर पेट्रोल माझ्या खिशातून." त्याच्यावर रागवावं असं काही त्याच्यात दिसलं नाही. आमच्यासारखाच तोही, आपण बीडचे आहोत म्हणून नाव ऐकणारा.

तेव्हा पोस्टर बदललं. ब्रेकिंग न्यूजची पट्टी गेली. त्याऐवजी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची ती जुनी जाहिरात आली, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर यायची ती. रुसून घरातून निघून गेलेल्या मुलासाठी आई-वडील द्यायचे. साधी पांढरी पार्श्वभूमी, काळी अक्षरं. मजकूर आम्ही सगळ्यांनी मिळून केला, शुद्धलेखन माझं:

'हरवले आहेत. कॅमेरे, नग पुष्कळ. वर्णन: खांद्यावर ओझं, हातात माईक, आवाज मोठा, कायमची घाई. यापूर्वी दुष्काळ, खून व माकडे या प्रसंगी जिल्ह्यात दिसले होते. शेवटचे दिसले ते परतीच्या वाटेवर.

बाळांनो, असाल तिथून परत या. तुम्हाला कुणी रागावणार नाही. तुम्ही अर्धी टाकून गेलेली बातमी आम्ही ताटाखाली झाकून ठेवली आहे. वाईट असली तरी चालेल, पण पूर्ण करून उठा.

आपले, बीड जिल्ह्यातील घरचे लोक.'

'वाईट असली तरी चालेल' ही ओळ केजच्या मित्राची. 'पूर्ण करून उठा' ही ताईची, ती वर्गात पोरांना रोज हेच म्हणते. अविनाश साबळेची चौकट काढताना भाच्याला फार वाईट वाटलं. म्हणाला, ती पुढच्या वर्षी वापरू.

५ तारखेला रात्री फ्लेक्स मिळाला. दुकानातल्या मुलाने कडेच्या रिंगा ठोकताना सगळा मजकूर वाचला आणि म्हणाला, "हे माझ्या आजीने तशीच जाहिरात दिली होती, काका पळून गेला तेव्हा." विचारलं, मग आला का परत? "आला की. चौथ्या दिवशी. भुकेला होता."

६ जानेवारीला सकाळी मित्राच्या वडिलांच्या दुकानाच्या भिंतीवर, त्यांना विचारून, पोस्टर लावलं. लोक थांबून वाचत होते. म्हातारे हसत होते, कारण ती जाहिरात त्यांच्या काळातली. सत्काराहून परतणारे दोन-तीन पत्रकारही थांबले. एकाने खांद्यावरच्या शालीसकट पोस्टरसमोर उभं राहून फोटो काढून घेतला. आमचा स्ट्रिंगर आला, त्याने मन लावून शूटिंग केलं, भाच्याची मुलाखत घेतली आणि तिथूनच डेस्कला फोन लावला. आम्ही कान देऊन उभे.

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. हा म्हणाला, "नाही सर. तोडफोड नाही. नाही, घोषणाबाजी पण नाही. लोक हसायलेत नुसते... बरं सर."

फोन खिशात ठेवून आमच्याकडे बघत तो म्हणाला, "राहू दे म्हणाले."

आणि मग आम्ही जे हसलो! केजचा मित्रसुद्धा हसला. एवढं हसून झाल्यावर स्ट्रिंगरने ताईला बाजूला घेतलं आणि त्या बाईंचं गाव कुठलं, त्या कारखान्यावरून कधी परत येतात, ते विचारलं. लागेल न लागेल, जाऊन तर येतो म्हणाला. ताईने सांगितलं, पाडव्याच्या आसपास. तो गेला की नाही हे पुढे कळलं की मी इथेच लिहीन. नाहीतर मीही अर्धंच ठेवून गेलो असं होईल.

भाच्याला खोली मिळाली. पोस्टरमुळे नाही, मालक लातूरचे निघाले. मला परवा ऑफिसात नवीन आलेल्या एकाने विचारलं, मूळचे कुठले? सवयीने 'अंबा' तोंडात आलं होतं, ते गिळून "बीड" म्हणालो. तो म्हणाला, "अच्छा, ते माकडांचं ना?" म्हटलं, बस, चहा घे, पूर्ण सांगतो.

फ्लेक्स आठवडाभराने उतरवला. आमच्याकडे कुठल्याही फ्लेक्सचं शेवटी जे होतं तेच त्याचं झालं. दाजींनी तो शेतात नेऊन कडब्याच्या गंजीवर टाकला, वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगड ठेवले. ताईने फोटो पाठवला आहे. अक्षरांची बाजू वर आहे आणि शेत रस्त्याच्या कडेलाच आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला 'असाल तिथून परत या' एवढं लांबूनही वाचता येतं.